बिनकाट्याची वांगी

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की तेव्हा पेठेत काय आलंय ते डोळे मिटूनही कळायचं. मेथी आली की गल्लीला मेथीचा वास, काकडी मोडली की शेजारच्या घरात कळायचं. पण मधे काही वर्षं तो वास हरवला, त्याचीच ही गोष्ट. लहानांनो, ऐका. मोठ्यांनी तर ऐकाच, कारण यातली चूक मोठ्या माणसाची आहे.

एका राजाच्या मुदपाकखान्यात, म्हणजे त्याच्या स्वयंपाकघरात, एका बाईची सत्ता होती. तिच्या कमरेला कायम एक पितळी पळी खोचलेली असे. पळी तिच्या सासूची, आणि त्याआधी सासूच्या सासूची. म्हणून सगळं राज्य तिला पळीबाईच म्हणे. पळीबाईच्या हाताला चव आहे, असं लोक म्हणत. पळीबाईही तेच म्हणे, आणि लोकांपेक्षा मोठ्यांदा म्हणे.

त्या राज्याचा एक रिवाज होता. आषाढात चातुर्मास लागला की वांगं बंद. मग चंपाषष्ठी उजाडेपर्यंत वांग्याला कुणी तोंड लावायचं नाही. त्या दिवशी देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, मग राजानं पहिला घास घ्यायचा, मग प्रजेनं. इतके महिने थांबलेली जीभ ती! तो घास साधा नसे.

एका चंपाषष्ठीला राजानं घास घेतला. चावला. थांबला. आणि पाणी मागितलं.

पळीबाई पुढं सरसावली. "तिखट झालं का, महाराज?"

"तिखट झालं असतं तर बरं होतं," राजा म्हणाला. "काहीच झालं नाहीये. चिखल खाल्ल्यासारखं लागतंय. पळीबाई, तुमच्या हाताची चव गेली."

 एका मानकऱ्यानं खोकल्याचं सोंग केलं.

राजा वाईट नव्हता. लहानपणापासून तो तिच्याच हातचं जेवला होता. तो म्हणाला, "पुढच्या चंपाषष्ठीपर्यंत मुदत देतो. चव परत आली, तर पळी तुमची. नाही आली, तर पळी इथं ठेवायची आणि घरी बसून जप करायचा."

जप! पळीबाईला राजाच्या बोलण्याइतकाच त्या जपाचा राग आला.

हाताची चव अशी आपोआप जात नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कुणीतरी नेली असणार. कुणी, एवढंच शोधायचं होतं.

पहिला संशय वाटपिणीवर. मसाला वाटणारी ती पोर पाट्यावरून मानही वर करत नसे. पळीबाई तिच्यासमोर उकिडवी बसली.

"मसाल्यात काय घातलंस?"

"तुम्ही दिलं ते."

"मग काय काढलंस?"

"काढण्यासारखं ठेवता का काही, पळीबाई? जिरंसुद्धा चिमटीनं मोजून देता."

उत्तर चोख होतं. चोख उत्तर देणाऱ्यांवर पळीबाईचा विश्वास नसे. तिनं आठ दिवस मसाला स्वतः वाटला. भाजीला चव आली नाही, खांदा मात्र धरला. मग तिनं मीठ बदललं. तेल बदललं. गवऱ्या बदलल्या. विहीर बदलली, दोन कोसांवरून पाणी आणवलं. पाणी आणणाऱ्यावरही संशय घेतला. काही फरक पडला नाही.

मग ती पेठेत गेली. कित्येक वर्षांत गेली नव्हती. माल तिच्या दारात येई. बघते तर काय! काकड्या सुतासारख्या सरळ. दुधी चकचकीत, जणू तेल लावून बसवलेले. आणि वांगी? एका मापाची, एका रंगाची, एकावर एक रचलेली. तिनं एक उचलून नाकाशी नेलं. वास नाही. मोडून बघितलं. आत पांढरा कापूस.

"ही कुठल्या साच्यातून काढलीस गं?" तिनं भाजीवालीला विचारलं.

"वांगं मोडलंत, ते घ्यावं लागेल हां," भाजीवाली म्हणाली. "साचा कसला? मुदपाकात चालतात तीच आणतो आम्ही. राजाला चालतं, मग पेठेला न चालायला काय झालं?"

पळीबाईनं ते ऐकलं, पण कानात ठेवलं नाही. तिचा संशय तोवर राजाच्या मळ्यातल्या माळ्यावर जाऊन बसला होता. चांगला माल मधल्या मधे जातोय. कुठं जातोय, तेही तिला माहीत होतं. कारण ती चंपाषष्ठी ती विसरली नव्हती.

त्या दिवशी दुपारी मान खाली घालून घरी येताना तिला एक वास आला होता. भाजलेल्या वांग्याचा. कुंपणापलीकडे कुंभारीण राहायची. ती भट्टीशी बसून, बोटांवर फुंकर मारत, वांग्याची साल काढत होती. पळीबाईचे पाय तिथंच थांबले होते. तो वास तिच्या सासूच्या भरताचा होता.

"काय गं, वांगी कुठली?" तिनं कुंपणावरून विचारलं होतं.

"उकिरड्यावरची," कुंभारीण म्हणाली होती. "चाखतेस?"

थट्टा करते माझी! राजानं अपमान केला, आता हीपण करते. "मी दुसऱ्याच्या चुलीवरचं खात नाही," असं म्हणून पळीबाई तरातरा घरात गेली होती. खरं उत्तर तिला त्याच दिवशी मिळालं होतं, बरं का. पण उकिरड्यावरून आलेलं उत्तर तिला नको होतं.

तर आता तिनं ठरवलं, कुणावर अवलंबून राहायचं नाही. वांगं आपण लावायचं. आपल्या परसात, आपल्या पाण्यावर, आपल्या डोळ्यांसमोर.

आयुष्यात तिनं हजारो वांगी भाजली होती, लावलं एकही नव्हतं. पण शिकवायला कुणी लागत नाही, असं तिचं मत होतं. पेठेतलं सर्वांत देखणं वांगं पिकवून तिनं बी काढलं आणि संक्रांत झाल्यावर वाफ्यात टाकलं.

रोपं वर आली. तिसऱ्या दिवशी अर्धी गायब!

पळीबाईनं वाफ्याभोवती तांदळाचं पीठ भुरभुरवलं, चोराची पावलं उमटावीत म्हणून. सकाळी पाहिलं, तर पावलं उमटली होती. तीन बोटांची. ती तडक कुंपणाशी गेली.

"तुझी कोंबडी आवर, नाहीतर रस्सा करीन तिचा!"

"कर की," कुंभारीण मडकं थापता थापता म्हणाली. "पण त्यालाही चव आली नाही, तर मला सांगायला येऊ नकोस."

पळीबाईनं काट्यांचं कुंपण घातलं. मग तिनं मायेनं इतकं पाणी पाजलं, की रोपं बुडाशी कुजली. मग कमी पाजलं, तर ऊन लागून माना टाकल्या. जी उरली, त्यांच्या पानांखाली माव्याची कीड धरली. तिनं राख मारली. मावा गेला, तर फुलं गळायला लागली. रोज सकाळी ती गळलेली फुलं गोळा करी आणि कुंभारणीच्या घराकडे बघे. दृष्ट लावते. दुसरं कोण लावणार?

एवढं सगळं होऊनही ती हटली नाही. कंबर मोडली, नखांत माती गेली, हातांना भेगा पडल्या. वैशाखात चार झाडांना वांगी धरली. गुळगुळीत, गोल, जांभळी. बघत राहावं अशी.

तिनं दाराला आतून कडी लावली. वांगं भाजलं, लसूण ठेचला, तेल-मीठ घातलं, आणि एकटीच खायला बसली.

एक घास घेतला. दुसरा घेतला. आणि उठून पाणी प्यायली.

वांगं तिचं. पाणी तिचं. गवऱ्या तिच्या, हात तिचा. संशय घ्यायला मधे कुणी माणूसच उरलं नव्हतं. उरली होती फक्त तिची जीभ. ती लगेच उठली आणि कडुलिंबाचं पान चावलं. कडू. चिंच चोखली, आंबट. गुळाचा खडा, गोड. मिठाची कणी, खारट. जीभ ठणठणीत होती.

मग एकच राहिलं. बी. आणि राज्यातलं सगळं बी एकाच ठिकाणाहून येई, राजाच्या मळ्यातून.

ज्येष्ठाच्या उन्हात ती मळ्यात पोचली. माळी वाफे बांधत होता. शांत माणूस, अर्धं आयुष्य झाडांशी काढलेला.

"या आक्का, बसा. ताक आणू?"

"ताक नको आणि बसायचं नाही. बियात काय केलंस ते सांग."

"तुम्ही सांगितलं ते."

"मी? मी कधी तुझ्या मळ्यात पाय तरी ठेवलाय?"

"पाय नाही ठेवला," माळी म्हणाला, "पण पळी आली होती तुमची." त्यानं डोक्याचा रुमाल वर सारला. कपाळावर जुना व्रण होता, अर्ध्या चंद्रासारखा. "पंचवीस वर्षं झाली. मी नवा होतो. टोपलीभर काटेरी वांगी घेऊन आलो. देठाचा काटा तुमच्या बोटात गेला. तुम्ही पळी फेकलीत आणि म्हणालात, 'काटेवालं वांगं पुन्हा आणलंस, तर तुला भाजीन.' मी आलो आणि काट्याची झाडं उपटली. बिनकाट्याच्या झाडावरची वांगी बियाला सोडली."

पळीबाईला काटा आठवत होता. पळी मात्र आठवत नव्हती.

"दोन वर्षांनी म्हणालात, रोज कोण टोपली बघत बसणार, आठ दिवस टवटवीत राहतील अशी आण. जी लवकर सुकत, त्यांची झाडं मी उपटली. मग म्हणालात, वाकडीतिकडी नकोत, ताटात शोभली पाहिजेत. वाकडी उपटली. तुम्ही ज्याला हो म्हणालात, त्याचंच बी धरलं. दरसाल. पेठवाले माझ्याकडूनच बी नेतात. काकडीचं, दुधीचं, सगळ्यांचं असंच."

"आणि चव?" पळीबाईचा आवाज चढला. "चवीबद्दल काय म्हणाले होते मी?"

माळ्यानं खरंच विचार केला. खुरपं खाली ठेवून केला.

"चवीबद्दल तुम्ही कधी काही म्हणाला नाहीत, आक्का."

पळीबाई त्या वाफ्याच्या बांधावर बसली. बसायचं नाही म्हणाली होती, तरी बसली.

तिथूनच तिनं विचारलं, "मला बोलला का नाहीस?"

"मी माळी. मला कोण भरीत चाखायला देतंय? आणि कपाळावर एक खूण पुरे होती."

"ती उपटलेली झाडं कुठं टाकलीस?"

"कुठं टाकणार? मुदपाकामागच्या उकिरड्यावर."

उकिरडा. पळीबाई उभी राहिली. तिच्या कानात इतके महिने अडकून बसलेला एक शब्द आता खाली उतरला.

त्या दिवशी ती पहिल्यांदा कुंभारणीच्या पुढच्या दारानं आत गेली. कुंपणावरून नाही.

"तू खरं बोलली होतीस," ती म्हणाली. माफीचं तिला एवढंच येत होतं.

"मी कधी खोटं बोलले?" कुंभारणीनं चाक थांबवलं. "उकिरड्यावर राख टाकायला जायचे. उपटलेल्या झाडांना वांगी होती, आणली, खाल्ली. ज्याची चव लागली, त्याचं बी भट्टीमागं टाकलं. तेव्हापासून दरसाल लावते."

"मग दे मला एक झाड."

"झाड आता नाही. शेवटचं उन्हाळ्यात वाळलं. बी आहे, ते बघ."

भिंतीवर शेणाची एक गोवरी थापलेली होती. राख आणि शेणात बी कालवून भिंतीला लावायचं, म्हणजे किडा लागत नाही, ही बायांची जुनी रीत. पण भिंतीला यंदा ओल आली होती. कुंभारणीनं गोवरी फोडली. आतलं बरंचसं बी काळं पडलं होतं. चांगलं निघालं ते जेमतेम चिमूटभर.

तिनं ती चिमूट पळीबाईच्या तळहातावर ठेवली.

पळीबाईनं लगेच डोळे बारीक केले. "सगळं देतेस? बदल्यात काय हवं?"

"काही नको. एकच कर. ज्या झाडाचं वांगं चांगलं लागेल, त्या झाडावरचं सगळ्यात चांगलं वांगं बियाला सोड."

"सगळ्यात चांगलं? अगं, ते ताटात घालायचं असतं!"

"म्हणूनच ताटाचं असं झालं," कुंभारीण म्हणाली आणि तिनं चाक फिरवलं. "बरं, सोडीन," पळीबाई मूठ मिटत म्हणाली.

आषाढात पळीबाईनं ते बी टाकलं. या वेळी तिनं कुंभारणीला विचारलं, पाणी किती, राख किती, ऊन किती. विचारताना तोंड कडू करून विचारलं, पण विचारलं. कोंबडी दोघींनी मिळून हाकलली. तरी निम्मं बी रुजलंच नाही. रुजलं, त्यातलं गोगलगायींनी खाल्लं. पावसानं दोन रोपं वाहून नेली. कार्तिक लागला, तेव्हा तीनच झाडं उभी होती. त्यातली दोन एका आठवड्यात उभीच्या उभी सुकली. मुळांना मर लागली होती.

एक झाड उरलं. त्याच्या देठांना काटे होते, पानांवर काटे होते. फळं लहान, वाकडी, अंगावर पांढऱ्या रेघा. बोट लावावं तिथं टोचे. पळीबाई बोट चोखी आणि म्हणे, "टोच बाई, टोच. तुझा हक्क आहे."

पण चाखायचं कसं? चातुर्मास होता. तो सरला, तरी चंपाषष्ठीच्या नैवेद्याआधी वांगं तोंडात घालायचं नाही. राजाच्या ताटात जाईपर्यंत तिला काहीच कळणार नव्हतं. आणि न कळलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायची तिला सवय नव्हती.

जुना संशय पुन्हा डोकं वर काढू लागला. रानात वांग्यासारखंच एक झाड असतं. त्यालाही असेच काटे. त्याचं फळ कडूजहर. कुंभारणीनं रानातलं बी तर दिलं नाही? इतकी वर्षं हिणवलं तिला, भर पंगतीत सूड घ्यायचा असेल तर? पळीबाई फळ हुंगे, टिचकी मारून बघे. एकदा तर नखानं ओरखडा काढून नख जिभेपर्यंत नेलं. मग देवाचं भय वाटलं आणि नख लुगड्याला पुसलं.

"कडू निघालं तर?" शेवटी तिनं कुंभारणीला तोंडावर विचारलं.

"तर पळी जाईल तुझी," कुंभारीण म्हणाली. "आणि मला शिव्या द्यायला तुला दिवसभर वेळ मिळेल."

चंपाषष्ठीला चार दिवस राहिले आणि त्या शेवटच्या झाडाचीही पानं मलूल झाली. त्यालाही मर लागली होती. झाडावर पाच वांगी होती. भरताला चार तोडली, की भागलं. पाचवं सगळ्यात भरलेलं, सगळ्यात तुकतुकीत. तेच राजाच्या ताटात शोभलं असतं. पळीबाईचा हात दोनदा त्याच्याकडे गेला. नैवेद्याआधी चाखता येत नव्हतं, आणि झाड त्यानंतर टिकेल याची खात्री नव्हती. मग तिनं केसांतला लाल दोरा काढला आणि त्या वांग्याच्या देठाला बांधला. चव असो नसो, शब्द दिला होता.

चंपाषष्ठीला मुदपाकात चार लहान, वाकडी, काटेरी वांगी निखाऱ्यावर गेली. वाटपीण बाजूला उभी राहून बघत होती. "पळीबाई, ही? राजाला?" पळीबाईनं वांगी उलटली. 

देवाचा नैवेद्य झाला. राजाच्या ताटात भरीत पडलं. रंग काही खास नव्हता. राजानं घास घेतला.

चावला. थांबला.

पळीबाईचं सगळं लक्ष त्याच्या पाण्याच्या तांब्यावर होतं.

राजानं तांब्याला हात लावला नाही. दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. ताटाला लागलेलं बोटानं निपटून खाल्लं. तेव्हा तो राजासारखा नाही, जुन्या दिवसांतल्या लहान पोरासारखा दिसत होता.

"आणखी," तो म्हणाला.

"संपलं, महाराज."

शेजारी उभा असलेला हुजऱ्या राजाच्या कानाशी वाकला. त्यानं कुंपणावरून सगळं बघून ठेवलं होतं. राजाच्या भुवया वर गेल्या.

"एक अजून झाडावर आहे म्हणे. लाल दोरा बांधलेलं. सगळ्यात मोठं."

"आहे."

"मग आणा."

"ते नाही मिळायचं."

 या खेपेला कुणी खोकलंसुद्धा नाही.

"पळीबाई, राजा मागतोय."

"ऐकू आलं," पळीबाई म्हणाली. "महाराज, गेल्या वर्षी तुम्ही म्हणालात, माझ्या हाताची चव गेली. मी सगळ्या राज्यावर संशय घेतला. वाटपिणीवर घेतला, माळ्यावर घेतला, शेजारणीच्या कोंबडीवर घेतला. चव कुणी नेली नव्हती. मीच घालवली. बोटाला टोचतं म्हणून, टिकत नाही म्हणून, ताटात शोभत नाही म्हणून. डोळ्यांना विचारलं, बोटांना विचारलं, जिभेला विचारलं नाही. ते झाड मरायला टेकलंय. हे बी शेवटचं आहे. ते वांगं तुमचं नाही आणि माझंही नाही. ते पुढच्या चंपाषष्ठीचं आहे."

राजाला ते पटलं असेल. पण भर पंगतीत 'नाही' ऐकायची राजांना सवय नसते. त्याचा चेहरा लाल झाला.

"मग पळी ठेवा."

चव परत आली होती, म्हणजे ठरल्याप्रमाणे पळी तिची होती. ती हे बोलू शकली असती. बोलली नाही. कमरेची पळी काढून तिनं राजासमोर ठेवली. फरशीवर पितळ वाजलं, आणि ती चालू लागली.

फाटकाबाहेर आल्यावर तिला नखात अडकलेलं थोडं भरीत दिसलं. आता नैवेद्य झाला होता, हरकत नव्हती. तिनं नख चोखलं.

सासूची चव. तीच. पळीबाई रस्त्यातच उभी राहून हसली, आणि मग पदरानं डोळे पुसले.

ते वांगं झाडावर पिवळं पडलं, पिकलं. झाड गेलं, पण वांग्यानं तेवढा वेळ दिला. आत बी किती निघालं म्हणता! दोघी बायांनी राख-शेण कालवलं, आणि या वेळी दोन भिंतींना लावलं, दोन घरांत. ओलीवरही संशय नको का घ्यायला?

आषाढात पळीबाईच्या परसात रोपांचा वाफा झाला. मागेल त्याला ती रोपं देई. माळ्याला तिनं स्वतः नेऊन दिली, आणि त्याच्या कपाळाकडे न बघता म्हणाली, "चुकलं माझं." माळी म्हणाला, "आता ताक घ्याल?" तिनं घेतलं. पुढं ती सगळ्यांना एकच गोष्ट बजावायची: टोचलं तर ओरडू नका, आणि सगळ्यात चांगलं वांगं खाऊ नका.

मुदपाकात मात्र नवी स्वयंपाकीण जुनीच बिनकाट्याची वांगी भाजत होती. ती पेठेतून भरून ठेवलेली, एकसारखी, चकचकीत. चंपाषष्ठी आली. राजानं घास घेतला आणि पाणी मागितलं. दुसरा घास घेतला आणि पुन्हा पाणी मागितलं.

तेवढ्यात खिडकीतून वास आला. एका घरातून नाही, सगळ्या आळीतून येत होता. राजा ताटावरून उठला. हात न धुता, पालखी न मागवता, वासामागं चालत निघाला, आणि थेट पळीबाईच्या परसात येऊन उभा राहिला. मागून हुजऱ्या धावत आला. त्याच्या हातात पळी होती.

परसात झाडं लगडली होती. राजानं वाकून एका वांग्याला हात घातला.

"आई गं!"

बोटावर रक्ताचा थेंब आला. राजानं मान वर केली, तोंड उघडलं. समोर पळीबाई, कुंभारीण आणि माळी उभे होते. तिघंही त्याच्याकडेच बघत होते. माळ्यानं सवयीनं कपाळावर हात ठेवला.

राजानं तोंड मिटलं. मग बोट तोंडात घातलं.

"टोचतं," तो म्हणाला.

"टोचणारच," पळीबाई म्हणाली. "म्हणून तर बघून तोडावं लागतं."

राजाचा हात दुसऱ्या वांग्याकडे गेला. सगळ्या परसात तेच उठून दिसत होतं. त्याच्या देठाला लाल दोरा होता. हात तिथपर्यंत गेला, आणि कुणी काही न बोलता मागं आला. राजानं शेजारचं लहान, वाकडं वांगं सांभाळून तोडलं. मग हुजऱ्याकडची पळी घेऊन पळीबाईपुढं धरली.

पळीबाईनं घेतली. का नाही घ्यायची? तिचीच होती. पण कमरेला खोचण्याआधी तिनं ती नीट निरखून पाहिली, उलटसुलट करून. कडेला एक जुना पोचा होता, माळ्याच्या कपाळावरच्या व्रणाएवढा. इतकी वर्षं तो तिला दिसलाच नव्हता.

बोध एवढाच: जे नुसतं डोळ्यांनी बघून निवडाल तेच बी होऊन ताटात परत येईल, म्हणून ताटाची चव गेली की चोर शोधण्याआधी आपला निवडणारा हात तपासा.